शिदोरीचे वजन

परवा दुपारी ऑफिसात डबे उघडले होते. आमच्या सेक्शनला नवीन लागलेला एक मुलगा आहे, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. सुट्टी मिळाली की डोंगर चढायला जातो. यंदा त्याला हिमालयात जायचे आहे, त्याची खरेदी चालू आहे. त्याने पिशवीतून एक चकचकीत पाकीट काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, "भाऊ, हातात घेऊन बघा." घेतले. वजन जवळजवळ काहीच नाही. आत राजमा-चावल. गरम पाणी ओतायचे, दहा मिनिटे झाकून ठेवायचे, जेवण तयार. किंमत विचारली. तीनशेच्या घरात. एका वेळचे. पाच दिवसांची दहा पाकिटे म्हणजे तीन हजार रुपये झाले, आणि चहा-नाश्ता वेगळा.

मी म्हटले, "अरे, फोव घेऊन जा की."

सगळे हसले. शेजारच्या बाईंना तर ठसका लागला. तो मुलगा बिचारा सभ्य, म्हणाला, "भाऊ, ट्रेकला कोणी फोव नेतं का?"

त्या हसण्याचे मला वाईट वाटले नाही. मीही एकदा असाच हसलो होतो, आणि ते हसणे मला फार महागात पडले. आज लिहायला बसलो आहे ते त्यासाठीच.

२००४ सालची गोष्ट. मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो, बेसिक ३०५०. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत उज्जैनला सिंहस्थ होता. आईने वर्तमानपत्रात वाचले आणि एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "पुता, एकदां उज्जैनीक वचूं या." तिने आयुष्यात कधी काही मागितले नव्हते. मी कारकुनी बाण्याने कागद घेऊन बसलो. मडगावहून गाडीभाडे, दोघांचे. धर्मशाळा. आणि मग जेवण. आठ दिवस, दोन माणसे, दोन वेळा थाळी, दोन वेळा चहा, सकाळचा नाश्ता. बेरीज केली तर गाडीभाड्यापेक्षा जेवणाचा आकडा मोठा आला. एकूण रक्कम माझ्या पगाराच्या पलीकडे गेली. तो कागद मी आईला दाखवला. तिने फक्त जेवणाच्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, हे कशाला? मी पीठ घेते, फोव घेते, गूळ घेते. तीन दगड मिळाले की झाले.

मी हसलो. म्हटले, आई, लोक काय म्हणतील? सरकारी नोकराची आई रस्त्याच्या कडेला चूल मांडून बसली म्हणून?

ती पुढे काही बोलली नाही. पुढच्या सिंहस्थाला जाऊ असे ठरले. पुढचा सिंहस्थ २०१६ साली झाला आणि आई २०१३ मध्ये गेली.

असो.

गेल्या वर्षी म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये मी उज्जैनला गेलो. बायकोची एक आत्या तिकडे असते. उज्जैनमध्ये मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत हे आपल्या लोकांना पुष्कळदा माहीत नसते. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये ग्वाल्हेरला जाईपर्यंत उज्जैनलाच होती. आणि आज आपण ज्या महाकालेश्वराच्या देवळापुढे रांगेत उभे राहतो ते अठराव्या शतकात पुन्हा उभे केले राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. सुखटणकर शेणवी! हे आडनाव ऐकल्यावर कोणत्या गोवेकराच्या भुवया वर जाणार नाहीत? आत्याला मी हे सांगितले तर ती म्हणाली, "जावईबापू, आम्हाला ते शाळेत असल्यापासून ठाऊक आहे." आपली हुशारी तिथेच संपली.

आत्यानेच मला पंचक्रोशी यात्रेबद्दल सांगितले. ही यात्रा वैशाख कृष्ण दशमीला सुरू होते आणि अमावास्येला संपते. आता आपल्या मराठी माणसाचा इथे घोळ होतो. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांची वैशाख कृष्ण दशमी म्हणजे आपली चैत्र वद्य दशमी. म्हणजे ऐन उन्हाळा. त्या दिवसांत उज्जैनचा पारा चाळीसच्या वर सहज जातो. अशा उन्हात हजारो माणसे ११८ किलोमीटर चालतात. उज्जैन क्षेत्राच्या चार दिशांना चार द्वारपाल महादेव आहेत. पूर्वेला पिंगळेश्वर, दक्षिणेला करोहनचा कायावरोहणेश्वर, पश्चिमेला अंबोदियाचा बिल्वकेश्वर आणि उत्तरेला जैथलचा दुर्दरेश्वर. त्यांना प्रदक्षिणा घालून शेवटी क्षिप्रेला परत यायचे.

निघण्याआधी पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ द्यायचा आणि त्याच्याकडून 'बळ' मागून घ्यायचे. (महाकालाच्या देवळात वरच्या मजल्यावर वर्षातून एकदा नागपंचमीलाच उघडतो तो नागचंद्रेश्वर वेगळा.) परत आल्यावर मातीचे घोडे वाहून ते बळ परत करायचे. म्हणजे देवाने पाच दिवसांपुरते घोड्याचे बळ उसने दिले होते, ते हिशेबात जमा करून टाकायचे. माझ्यासारख्या कारकुनाला हा व्यवहार फार आवडला. घेतले, वापरले, परत केले, नोंद झाली.

पण मला सांगायचे आहे ते बळाबद्दल नाही, डोक्यावरच्या गाठोड्यांबद्दल. चालणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. माळव्यातल्या खेड्यांतून आलेल्या, शेतात राबणाऱ्या, कित्येक माझ्या आईच्या वयाच्या. प्रत्येकीच्या डोक्यावर गाठोडे. त्यात अंथरूण-पांघरूण, एक पातेले आणि पाच दिवसांचे अन्न. हॉटेल नाही, थाळी नाही, आगाऊ बुकिंग नाही.

मी पहिले दोन टप्पे चाललो. पिंगळेश्वरापर्यंत १२ किलोमीटर आणि दुसऱ्या दिवशी करोहनपर्यंत २३. तिथून पायाला फोड आल्यामुळे मुकाट्याने जीपमध्ये बसून आत्याच्या घरी परतलो. तेव्हा मी यात्रा केली असे म्हणत नाही. पण जेवायला थांबलेल्या माणसांकडे मी दोन दिवस जेवढे लक्षपूर्वक पाहिले तेवढे फायलींकडे वीस वर्षांत पाहिले नसेल.

बाटी आपण हॉटेलात खातो ती तुपात बुडवून, दोन-तीन वाट्यांत डाळ, चुरमा वगैरे थाटात. तिथे मी पाहिली ती बाटी म्हणजे प्रवासासाठीच केलेली वस्तू आहे. जाडसर दळलेले गव्हाचे पीठ, मीठ, चिमूटभर ओवा, थोडे तेलाचे मोहन. पाणी बेताचे घालून घट्ट मळायचे आणि लिंबाएवढे गोळे करायचे. पोळपाट नाही, लाटणे नाही, तवा नाही. गोवऱ्या, म्हणजे आपल्या शेण्या हो, पेटवायच्या आणि ज्वाळा गेल्या की निखाऱ्यांवर गोळे मांडायचे. फुटू लागले की गरम राखेत पुरून ठेवायचे. त्याच राखेत एखादे वांगे, दोन बटाटे. एकच पातेले, त्यात मुगाची नाहीतर तुरीची डाळ. अर्ध्या-पाऊण तासात बाट्या फडक्याने झटकायच्या, फोडायच्या आणि खायच्या. उरलेल्या बाट्या फडक्यात बांधून दुसऱ्या दिवशी सकाळी गुळाबरोबर. एका म्हाताऱ्या बाईने उरलेली बाटी कुस्करून त्यात गूळ आणि जरासे तूप घातले. झाला लाडू.

आता याचे शास्त्र बघा. प्रवासात आपण सर्वांत जास्त वजन कशाचे वाहतो? पाण्याचे. शिजलेला भात हा कोरड्या तांदळाच्या अडीच-तीन पट जड असतो, वरचे सगळे पाणी. पाव, केळी, इडली, सगळ्यांत पाणी. म्हणून पहिला नियम, कोरडे न्यावे आणि पाणी जिथे मिळेल तिथे घालावे. दुसरा नियम सरपणाचा. जे शिजायला कमी वेळ लागते ते न्यावे, नाहीतर आधीच घरी भाजलेले, उकडलेले, तळलेले न्यावे. त्या तीनशे रुपयांच्या पाकिटातही हेच केलेले असते. शिजवलेले अन्न गोठवतात आणि निर्वात यंत्रात त्यातल्या बर्फाची थेट वाफ करतात. यंत्र महाग, वीज महाग, पाकीट महाग. त्याला माझा विरोध नाही. आपल्या म्हैसूरला १९६१ पासून संरक्षण खात्याची अन्नसंशोधन प्रयोगशाळा आहे, तिने सैनिकांसाठी असे कितीतरी पदार्थ तयार केले. १९८४ मध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तिथलेच पदार्थ होते. बर्फात नाहीतर अवकाशात जाणाऱ्याला ते हवेच. पण आपल्याला दूधसागरला नाहीतर उज्जैनला जायचे असते हो!

आणि आपले फोव तरी काय आहेत? भात भिजवायचा, भाजायचा, गरम असतानाच कुटून चपटा करायचा. म्हणजे तांदूळ आधीच शिजलेला आहे आणि मग कोरडा केलेला आहे. नुसते पाणी शिंपडले की खाण्याजोगा. त्या पाकिटात आणि यात तत्त्वाचा फरक कोणता, ते मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. चुरमुरे तेच, लाह्या त्याच. सातूचे पीठही तेच. खरे तर सातू म्हणजे जव, पण आपल्याकडे भाजलेले गहू आणि डाळ्यांच्या पिठालाच सातूचे पीठ म्हणतात. मेतकूट घ्या. डाळ-तांदूळ भाजून दळलेले, त्यात हळद-जिरे. गरम पाण्यात कालवले की तोंडाला चव.

आता थोडा हिशेब, कारण हिशेबाशिवाय आम्हाला चैन पडत नाही. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाला एका दिवसासाठी मी असे धरले. गव्हाचे जाड पीठ ३५० ग्रॅम, मूगडाळ ८०, शेंगदाणे ८०, गूळ ८०, तेल ६०. एकूण ६५० ग्रॅम. यातून सुमारे २७०० कॅलरी मिळतात, म्हणजे चालणाऱ्याला पुरेशा. पाच दिवसांचे सव्वातीन किलो. आमच्या नाक्यावरच्या दुकानाच्या दराने दिवसाचा खर्च पन्नास-पंचावन्न रुपये. तेलाऐवजी चांगले तूप घेतले तर ऐंशी. पाच दिवसांचे चारशे धरा. मुलाच्या दीड पाकिटाची किंमत.

२००४ साली हा हिशेब मी केला असता तर? पण तेव्हा मी थाळ्या मोजत होतो.

उज्जैनमध्ये हे सगळे मनात येत असताना एक गंमत लक्षात आली. सगळ्या भारतात ज्याची शिदोरी सर्वांत प्रसिद्ध तो माणूस याच गावात शिकला. सुदामा. मंगळनाथाच्या वाटेवर सांदीपनी ऋषींचा आश्रम दाखवतात. कृष्ण, बलराम आणि सुदामा तिथले विद्यार्थी. भागवताच्या दहाव्या स्कंधात हे दोन मित्र सरपण आणायला रानात जातात आणि वादळपावसात रात्रभर अडकून पडतात अशी कथा आहे. लोकांनी त्यात पुढे भर घातली. गुरुपत्नीने दोघांसाठी चणे बांधून दिले होते आणि सुदाम्याने ते अंधारात एकट्यानेच खाल्ले, म्हणून त्याला दारिद्र्य आले म्हणतात. महिदपूरजवळच्या नारायणा गावात या मैत्रीचे देऊळही आहे. चणे! म्हणजे रानात जाणाऱ्याच्या फडक्यात काय बांधावे हे त्या गुरुपत्नीलाही ठाऊक होते. हलके, कोरडे, न शिजवता खाण्यासारखे. आणि पुढे द्वारकेला जाताना सुदाम्याच्या बायकोने शेजाऱ्यांकडून मागून आणलेले चार मुठी पोहे फाटक्या वस्त्रात बांधून दिले. ते तो लपवतो. राजवाड्यात हे कसे काढायचे म्हणून त्याला लाज वाटते.

लाज. मला वाटते सगळे घोडे तिथेच अडते. पोह्यांत काही कमी नव्हते, सुदाम्याला त्यांची लाज वाटत होती. आणि आज उज्जैनमध्ये सकाळी ज्या टपरीवर पाहावे तिथे पोहे-जिलेबीसाठी गर्दी असते, हा काळाने घेतलेला सूड म्हणा हवा तर.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रवास म्हणजे हॉटेल अशी आपण जी समजूत करून घेतली आहे तिने गरिबांचा प्रवास बंद केला. गाडीभाडे अजूनही आवाक्यात आहे. मारतो तो जेवणाचा खर्च आणि त्यापेक्षा जास्त मारते ती डबा उघडण्याची लाज. मडगावला गाडीत बसल्यावर बघा. चौघांच्या कुटुंबातली एखादी बाई डबा काढते तो खिडकीकडे तोंड करून, जणू काही चोरीचा माल आहे. आणि समोरचा दीडशे रुपयांची गार बिर्याणी ऐटीत खातो. शिळ्या भाताला ऐट आणि ताज्या दशमीला संकोच!

दशमी म्हणजे काय हेही आता सांगावे लागते. पीठ पाण्याऐवजी दुधात मळून केलेली भाकरी किंवा पोळी. ती चार-दोन दिवस मऊ राहते, म्हणून वारीत, प्रवासात नेत. पण इथे मला एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. दशमीला मान होता तो फक्त टिकण्यामुळे नव्हे. पाण्यात मळलेले सोवळ्यात चालत नसे, दुधातले चालत असे. आपली शिदोरी आपणच न्यायची यामागे जेवढी गरिबी होती तेवढेच सोवळे होते. दुसऱ्याच्या हातचे खायचे नाही, त्याची सावली पडू द्यायची नाही. रेल्वे स्टेशनवर 'हिंदू पानी' आणि 'मुसलमान पानी' असे वेगळे माठ होते त्या काळातली ही शिदोरी. तेव्हा आमच्या पूर्वजांची शिदोरी किती थोर, असे जे लिहितात त्यांच्याबरोबर मला जाता येत नाही. त्या फडक्यात पिठाबरोबर आणखीही काही बांधलेले होते.

याचा विचार मी करोहनला बसून करत होतो. खरे सांगायचे तर मी तिथे बसलो होतो उपाशी. आत्याने दिलेला डबा दुपारीच संपवला होता, आणि संध्याकाळी काहीतरी मिळेल या भरवशावर होतो. जे मिळत होते तिथे लांब रांग होती आणि पायाची फोड मला उभे राहू देत नव्हती. शेजारी पाच-सहा बायकांचे बाट्यांचे काम चालले होते. त्यांतल्या एकीने माझ्याकडे दोन-तीनदा पाहिले आणि म्हणाली, "बैठ जाओ भैया, चार बाटी ज्यादा बनी है." मी कोण, कुठला, कोणत्या जातीचा, कोणी विचारले नाही. त्यांची जात मीही विचारली नाही. पळसाच्या पानावर दोन बाट्या, वर डाळ, एक कांदा हाताने फोडून. मी पैसे काढले तर ती रागावली. शेवटी माझ्या पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू मी त्यांना दिले. बायकोने दिले होते ते. ते त्यांनी घेतले आणि तिथल्या तिथे वाटून खाल्ले.

एवढ्या एका अनुभवावरून जात संपली असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण शिदोरीतले पीठ ठेवून सोवळे टाकता येते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

यात्रेच्या वाटेवर भंडारेही पुष्कळ होते. मंडप, लाउडस्पीकर, पुरी-भाजी, सरबत, फुकट. देणाऱ्यांचा भाव चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. त्या उन्हात कोणी पाणी आणि ताक दिले तर ते पुण्यच आहे. सत्तरीच्या बाईने पाच दिवसांचे पीठ डोक्यावरून नेलेच पाहिजे असे म्हणणारा मी कोण? मला तर रिकाम्या डोक्याने पस्तीस किलोमीटरच झेपले. पण मंडपापुढे पडलेल्या थर्माकोलच्या वाट्यांचे आणि प्लॅस्टिकच्या ग्लासांचे ढीग पाहिले आणि तिथून शंभर पावलांवर बाट्यांची राख पाहिली, जी दुसऱ्या दिवशी शेतातच मिसळली असेल, तेव्हा मन थोडे खट्टू झाले. दुसरेही एक आहे. भंडाऱ्याच्या रांगेतला माणूस हात पसरून उभा असतो. बाटी भाजणारी बाई स्वतः खाऊन दुसऱ्यालाही बसवते. तिला माझ्यासारख्या सरकारी नोकराला जेवू घालता आले ते तिच्या गाठोड्यात पीठ होते म्हणून. यावर आत्याचे मत वेगळे आहे. ती म्हणाली, "तुम्ही दोन दिवस चाललात म्हणून बोलता. पाचव्या दिवशी रांगेत सगळ्यांच्या पुढे तुम्हीच असता." असेल.

आपल्याकडेही हे नाही असे नाही. शिरगावच्या लईराईच्या जत्रेपूर्वी धोंड व्रत पाळतात, एकत्र राहतात, स्वतः रांधून खातात. ते कोणाला कमीपणाचे वाटत नाही, उलट मानाचे वाटते. माझे आजोबा सत्तरीतले. तरुणपणी पारधीला जाणाऱ्यांबरोबर रानात जात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पारध बंद झाली, निदान कागदावर, आणि ते योग्यच झाले. पण आजोबांच्या कमरेच्या फडक्यात काय असे ते आजी सांगायची. नाचण्याच्या दोन भाकऱ्या, सुक्या मिरच्या, मीठ, गुळाचा खडा आणि दोन-चार सोलं. सोलं कशाला? तहानेला. पाण्यात टाकून मीठ घातले की उन्हात त्यासारखे औषध नाही. मी उज्जैनला पिशवीत सोलं नेली होती आणि त्या बायकांना दिली तर त्यांनी वास घेऊन बाजूला ठेवली. सगळेच सगळ्यांना पटते असे नाही.

मराठ्यांच्या फौजांनी माळवा घेतला तो तरी कशावर? बाजीरावाचे चित्र काढून आणायला निजामाने चितारी पाठवला आणि त्याने काढून आणले ते घोड्यावर बसून जोंधळ्याची कणसे हातावर चोळून खाणाऱ्या स्वाराचे, ही कथा ग्रँट डफपासून सगळे सांगत आले आहेत. खरीखोटी देव जाणे. पण मोगली फौजेबरोबर चालणारे मुदपाकखाने आठवले की कोण लवकर पोचत असेल ते सांगायला नको. हाच बाजीराव १७४० मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला गेला. उज्जैनपासून फार दूर नाही ते.

तर आमच्या त्या मुलाचे काय झाले ते सांगून थांबतो. हिमालयाआधी सरावासाठी म्हणून तो मित्रांबरोबर दोन दिवस चोर्ल्याच्या बाजूच्या डोंगरात जाणार होता. मी बायकोकडून त्याला एक पिशवी करून दिली. जाड फोव मंद आचेवर कुरकुरीत भाजलेले, त्यात भाजलेले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचा कीस (ओला नारळ नको, दुसऱ्या दिवशी आंबतो), तेलात तळून घेतलेली मोहरी, कढीपत्ता आणि सुकी मिरची, उन्हात कडक वाळवून कुटलेली सोलं, मीठ, साखर. मूठ-दीड मूठ वाटीत घ्यायचे, पाणी शिंपडायचे, झाकून दहा मिनिटे थांबायचे. चूल नको, गॅस नको. मासे खाणारा आहे म्हणून वेगळ्या डबीत थोडी सुक्या सुंगटांची किसमूर, तीही सुक्या खोबऱ्यातली. डबीचे झाकण घट्ट लाव, नाहीतर तंबूत झोपता येणार नाही, एवढे बजावून सांगितले. चौघांचे दोन दिवसांचे मिळून खर्च दोनशेच्या आत.

सोमवारी तो आला. पाकिटांबद्दल काही बोलला नाही. डबी धुऊन परत केली आणि म्हणाला, "भाऊ, किसमूर पहिल्याच रात्री संपली. फोवांत मीठ जरा कमी पडलं."

घाम येतो ना चढताना. आईच्या हातचे असते तर पडले नसते. पुढच्या वेळी अर्धा चमचा जास्त घालायला बायकोला सांगितले आहे.